मुलींचं क्लब सॉकर: आधी वयोगट, मग टीम, लीगचं नाव सगळ्यात शेवटी

अमेरिकेत ज्यांच्या मुली क्लब सॉकर खेळतात किंवा यंदा सुरू करणार आहेत अशा आपल्या मराठी पालकांसाठी हे लिहितेय, कारण दर स्प्रिंगला ट्रायआउटचे, म्हणजे टीमसाठी निवड चाचणीचे, दिवस आले की आमच्या न्यू जर्सीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच प्रश्न येतात, ईसीएनएल चांगलं की जीए (या मुलींच्या दोन वरच्या लीग), आरएल म्हणजे नेमकं काय, मुलगी ऑक्टोबरची आहे तर आता कुठल्या वयोगटात, आणि उत्तर देणारे अर्धे जण जुन्या नियमाने सांगतात, अर्धे नव्या. आपण बहुतेक सगळे क्रिकेट बघत मोठे झालो, त्यामुळे ही सिस्टीम घरातून कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच नाही, मग क्लबवाले सांगतील ते खरं धरून पैसे भरले जातात आणि सहा महिन्यांनी कळतं की मुलगी बेंचवर बसतेय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. आधी जन्मतारखेवरून वयोगट काढा, मग तो शाळेच्या इयत्तेशी जुळतो का बघा, मग प्रत्यक्ष जी टीम मिळणार आहे ती टीम आणि तो कोच बघा, आणि लीगचं नाव या सगळ्यानंतर. मुलगी आठवीत जाईपर्यंत तरी हाच क्रम ठेवा. बहुतेक घरांत हे बरोबर उलटं होतं.

वयोगट काढायचा कसा

थोडा इतिहास लागेल, कारण त्याशिवाय गोंधळ सुटत नाही. पूर्वी अमेरिकेत यूथ सॉकरचे गट ऑगस्ट ते जुलै असेच होते, साधारण शाळेच्या वर्षाला धरून. २०१५ मध्ये यूएस सॉकरने, म्हणजे इथल्या राष्ट्रीय सॉकर फेडरेशनने, जाहीर केलं की जगभरात जसं चालतं तसं जन्मवर्षावर गट करायचे, म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, आणि २०१७ च्या फॉलपर्यंत सगळीकडे ते लागू झालं. तेव्हापासून आपण "२०१३ ची टीम", "२०१४ ची टीम" असं बोलायला लागलो. आता यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि आयसो या तिन्ही मोठ्या संस्थांनी २०२६-२७ च्या सीझनपासून परत १ ऑगस्ट ते ३१ जुलै धरलंय. एक लक्षात ठेवा, २०२५ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा तारीख १ सप्टेंबर सांगितली होती आणि नंतर ती बदलून १ ऑगस्ट केली, त्यामुळे गूगल केलं तर सप्टेंबरवाले जुने लेख अजून सापडतात, त्यांच्यावर जाऊ नका.

हिशोब असा. सीझन ज्या वर्षी संपतो ते वर्ष घ्या, २०२६-२७ साठी २०२७. मुलीचा जन्म जानेवारी ते जुलैमधला असेल तर त्यातून जन्मवर्ष वजा करा, आलेला आकडा हा तिचा यू नंबर, यू म्हणजे अंडर. जन्म ऑगस्ट ते डिसेंबरमधला असेल तर जन्मवर्ष वजा करून आणखी एक कमी करा. म्हणजे मार्च २०१४ ची मुलगी २०२७ वजा २०१४, यू-१३. ऑक्टोबर २०१३ ची मुलगी २०२७ वजा २०१३ म्हणजे १४, त्यातून एक गेला, यू-१३. दोघी एका टीममध्ये. मार्च २०१३ ची मात्र यू-१४.

आणि ताळा करायचा असेल तर इयत्तेत सहा मिळवा. सातवी म्हणजे यू-१३, आठवी म्हणजे यू-१४. हे बहुतेक मुलींना जुळतं.

जिथे जुळत नाही तिथेच खरी भानगड आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. शाळेची कटऑफ तारीख राज्याराज्यात वेगळी असते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबर आहे, त्यामुळे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली आणि वेळेवर शाळेत गेलेली मुलगी वर्गात सगळ्यात लहान असते, पण सॉकरमध्ये ती खालच्या गटात सगळ्यात मोठी होते, म्हणजे टीममधल्या बाकीच्या मुली तिच्याहून एक इयत्ता मागे. न्यू जर्सीत कटऑफ डिस्ट्रिक्ट ठरवतं आणि बऱ्याच ठिकाणी ते १ ऑक्टोबर आहे, म्हणजे इथे ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्ही महिन्यांच्या मुली अडकतात. न्यू यॉर्क सिटीत तर ३१ डिसेंबर आहे, तिथे ऑगस्ट ते डिसेंबर सगळ्याच. तुमची मुलगी यांपैकी असेल तर क्लबला सरळ विचारा की ती एक वर्ष वर, स्वतःच्या इयत्तेबरोबर खेळू शकते का. वर खेळायला नियमाने हरकत नसते, खाली खेळायला असते. पण वर खेळवायचं की नाही हे क्लब ठरवतो आणि जागा असेल तरच ठरवतो, म्हणून हा प्रश्न ट्रायआउटच्या आधी विचारायचा, रॉस्टर, म्हणजे टीमची यादी, लागल्यावर नाही.

हा बदल का झाला आणि तुमच्या मुलीचं काय होतं

जन्मवर्षाच्या पद्धतीत ऑगस्ट ते डिसेंबरच्या मुलींची फार कुचंबणा व्हायची. त्यांना इथे ट्रॅप्ड प्लेयर म्हणतात. म्हणजे बघा, यू-१५ च्या टीममध्ये जानेवारी ते जुलैच्या मुली नववीत, हायस्कूलला, आणि फॉलमधल्या मुली अजून आठवीत. आमच्या जर्सीत हायस्कूल सॉकरचा सीझन फॉलमध्ये असतो, तेव्हा नववीतल्या मुली शाळेकडून खेळायला जातात आणि क्लबची टीम तीन महिने जवळपास बंद. आठवीतल्या त्या चार-पाच मुली शाळेकडूनही खेळू शकत नाहीत आणि क्लबमध्ये टीम नाही. मग क्लब त्यांना खालच्या टीमबरोबर प्रॅक्टिसला पाठवणार, कुठेतरी एकत्र करून तात्पुरती टीम काढणार, आणि फी तेवढीच. शेवटच्या वर्षी पुन्हा तेच, टीममधल्या मोठ्या मुली कॉलेजला गेलेल्या आणि ही एकटी बारावीत मागे. मुलींच्या बाबतीत हे जास्त लागतं कारण मुली टीममधल्या मैत्रिणींसाठी खेळत राहतात, शाळेतल्या मैत्रिणी बरोबर असल्या की प्रॅक्टिसला जायला त्या स्वतः उठतात, हे मी घरात रोज बघते.

आता बदलाच्या वर्षात काय होतं ते. २०१३ ची एक टीम होती ती दोन तुकडे होऊन फुटते. जानेवारी ते जुलैच्या मुली वर जाऊन २०१२ च्या ऑगस्ट ते डिसेंबरवाल्यांना मिळतात, यू-१४. ऑगस्ट ते डिसेंबरच्या मुली यू-१३ मध्येच आणखी एक वर्ष राहतात आणि २०१४ च्या जानेवारी ते जुलैच्या मुली त्यांना येऊन मिळतात. चार वर्षं एकत्र खेळलेली टीम अशी तुटते तेव्हा मुली रडतात, त्याला इलाज नाही, पण तिला आधी सांगून ठेवा, क्लबच्या ईमेलमधून कळू देऊ नका.

ज्या मुली खाली राहतात त्यांच्या पालकांना वाटतं की मुलीला नापास केलं. तसं काही नाहीये. जी मुलगी इतकी वर्षं टीममध्ये सगळ्यात लहान, सगळ्यात बुटकी होती ती आता मोठ्यांत येते, बॉल तिच्या पायात जास्त येतो, कोच तिला मिडफिल्डमध्ये घालून बघतो. हे वर्ष तिच्या फायद्याचं आहे. काळजी करायची ती मे, जून आणि जुलैच्या मुलींची, कारण जुन्या पद्धतीत त्या मधल्या होत्या आणि आता गटात सगळ्यात लहान झाल्या. अकरा-बारा वर्षांच्या वयात मुलींची उंची भराभर वाढते आणि दहा महिन्यांचा फरक मैदानावर लांबूनही दिसतो. ट्रायआउटला धिप्पाड मुलगी निवडली जाते, हे सगळीकडे चालतं. तुमची मुलगी जुलैची असेल आणि दुसऱ्या टीममध्ये टाकली गेली तर लगेच क्लब बदलायला धावू नका, तिथे ती पूर्ण वेळ खेळतेय ना एवढं बघा, दोन वर्षांत ही उंची भरून निघते.

वयोगटाबरोबर खेळाचा आकार पण बदलतो. यू-९ आणि यू-१० ला सात विरुद्ध सात, यू-११ आणि यू-१२ ला नऊ विरुद्ध नऊ, यू-१३ पासून अकरा विरुद्ध अकरा, मोठं मैदान आणि ५ नंबरचा बॉल. यू-११ आणि त्याखालच्या मॅचेसमध्ये हेडिंग बंद आहे. यू-१२ ला दुसऱ्यांदा राहावं लागलं म्हणून मोठ्या मैदानाची घाई करू नका, लहान मैदानावर प्रत्येकीला बॉल जास्त वेळा मिळतो. एक वेगळी माहिती, अमेरिकेच्या नॅशनल यूथ टीम्स मात्र अजून जन्मवर्षावरच निवडल्या जातात कारण फिफाच्या स्पर्धा १ जानेवारी धरून असतात, पण हा प्रश्न हजारात एखाद्या घरी येणार.

लीगची नावं, म्हणजे मुळात एवढ्या का आहेत

मुलांकडे आणि मुलींकडे चित्र वेगळं आहे, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या एमएलएस नेक्स्टवरून मुलीचं ठरवू नका, ते मुलांचं आहे.

मुलींकडे ईसीएनएल २००९ मध्ये सुरू झाली, मोठ्या क्लबांनी मिळून काढलेली, तेव्हा फक्त मुलींचीच होती, मुलांची बाजू २०१७ ला आली. त्याच २०१७ मध्ये यूएस सॉकरने मुलींसाठी स्वतःची डेव्हलपमेंट अकॅडमी काढली, मुलांची आधी होतीच. तिच्यात खेळायचं तर हायस्कूलकडून खेळायचं नाही असा नियम होता. तिथून जे फाटलं ते अजून जुळलेलं नाही. काही क्लब अकॅडमीत गेले, काही ईसीएनएलमध्ये राहिले, काही गेले आणि परत आले. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविड सुरू झाल्यावर, यूएस सॉकरने ती अकॅडमीच बंद करून टाकली. काही क्लब ईसीएनएलमध्ये शिरले आणि बाकीच्यांनी मिळून त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी, म्हणजे जीए, उभी केली. आज वर या दोन लीग आहेत ते असे. ईसीएनएल आणि जीए दोन्हीकडे आता हायस्कूल खेळायला परवानगी आहे.

ईसीएनएलच्या खालची पायरी म्हणजे आरएल, रीजनल लीग. जीएच्या खालची अ‍ॅस्पायर. डीपीएल ही वेगळी लीग. यूएस क्लब सॉकरची एनपीएल आहे. यूएस यूथ सॉकरकडे नॅशनल लीग, त्यातलं ई-सिक्स्टीफोर, आणि स्टेट कप. मग आपापल्या भागातल्या, आमच्याकडे ईडीपी, उत्तर कॅलिफोर्नियात नॉरकॅल प्रीमियर, डॅलसला लेक हायलँड्स गर्ल्स क्लासिक लीग जी तिथल्या मुलींच्या सॉकरमध्ये फार मानाची समजली जाते. आणि सगळ्यात खाली, म्हणजे खाली म्हणणं पण चूक आहे, टाऊनची ट्रॅव्हल टीम आणि रेक, म्हणजे हौशी सॉकर. आयसोमध्ये तर प्रत्येक मुलीला निदान अर्धी मॅच खेळवायचीच असा नियम आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीला याहून चांगलं काय पाहिजे.

आता जे कळलं की निम्मं कोडं सुटतं ते सांगते. ईसीएनएल आणि जीएमध्ये जागा क्लबला मिळते, एका टीमला नाही. क्लब आत गेला की त्याचे यू-१३ पासूनचे सगळे वयोगट आत. त्यामुळे एखाद्या ईसीएनएल क्लबची तुमच्या मुलीच्या वयाची टीम दर रविवारी पाच-शून्य हरत असेल तरी ती ईसीएनएलच, आणि पलीकडच्या गावातली एखादी टीम त्यांना सहज हरवू शकते पण क्लब आत नाही म्हणून ती ईडीपीत खेळते. ईडीपीसारख्या लीगमध्ये टीम कशी खेळते त्यावर वरचा-खालचा डिव्हिजन ठरतो. म्हणून "ते ईसीएनएल आहेत" या वाक्याने मुलीच्या टीमबद्दल काहीच कळत नाही. नाव मोठं लक्षण खोटं असंही निघतं, आणि नाव लक्षण दोन्ही मोठं असंही निघतं, ते प्रत्येक वयोगटाचं वेगळं तपासायला लागतं.

दुसरं, "ईसीएनएल क्लब" आणि "ईसीएनएल टीम" यात जमीन-अस्मानाचा फरक. मोठ्या क्लबकडे एका वयोगटाच्या तीन-चार टीम असतात. पहिली ईसीएनएल, दुसरी आरएल, तिसरी-चौथी ईडीपी किंवा लोकल. वेबसाइटवर लोगो एकच, जर्सी एकच, फीमध्ये फार फरक नाही, आणि तिसऱ्या टीमचा कोच बहुतेक वेळा तीन टीम सांभाळणारा. तिसऱ्या टीममधून पहिल्या टीममध्ये जातात का? जातात, पण कमी, कारण पहिल्या टीमला जागा झाली की क्लब बाहेरची तयार मुलगी आणतो. क्लबला विचारा की गेल्या वर्षी या वयोगटात खालून वर किती मुली गेल्या. चांगला डायरेक्टर लगेच सांगतो. गोल गोल बोलायला लागला तर उत्तर मिळालं.

टीम बघायची कशी

ट्रायआउट हा दीड तासाचा बाजार असतो, पाठीवर नंबर लावलेल्या साठ मुली आणि चार कोच हातात क्लिपबोर्ड घेऊन, त्यात तुम्हालाही काही कळत नाही आणि त्यांनाही फार नाही. म्हणून त्याच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच, क्लबला ईमेल करून मुलीला त्या टीमच्या नेहमीच्या प्रॅक्टिसला पाठवायचं. बहुतेक क्लब हो म्हणतात. तुम्ही कारमध्ये बसून फोन बघत बसू नका, मैदानाच्या कडेला उभ्या राहा. मुली रांगेत उभ्या राहून स्वतःच्या नंबरची वाट बघतायत का सतत खेळतायत? पास चुकला की कोच थांबवून दाखवतो का नुसता ओरडतो? तिथल्या मुली नव्या मुलीला नाव विचारतात का? पाणी प्यायच्या ब्रेकमध्ये हे शेवटचं नीट दिसतं, आणि मी याला फार महत्त्व देते.

मग त्या टीमची एक मॅच बघा, मुलीला न घेता गेलात तरी चालेल. सतराव्या-अठराव्या मुलीला किती मिनिटं मिळतात ते मोजा. रॉस्टरवर किती मुली आहेत ते विचारा, नऊच्या खेळाला सोळा मुली असतील तर हिशोब तुम्हीच करा. मुलीला तिथे कुठली पोझिशन देणार हे पण विचारा, कारण आधीच्या टीममध्ये ती स्ट्रायकर असेल आणि इथे त्यांना डावी बॅक हवी असेल तर तिला ते आधी माहीत असायला हवं.

रँकिंगची अ‍ॅप आहेत, गॉटस्पोर्टवर पॉइंट असतात, बघायला हरकत नाही पण बारा वर्षांच्या टीमचा नंबर दहाने वरखाली झाला म्हणून काही ठरवू नका. शिवाय यंदा सगळ्या टीम फुटून नव्याने जुळल्या आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीचं रँकिंग ज्या टीमचं आहे ती टीमच आता अस्तित्वात नाही.

ऑफर आली की

ऑफरचा ईमेल बहुतेक ट्रायआउटच्या रात्रीच येतो. वर अभिनंदन, मुलीचं नाव, टीमचं नाव, आणि खाली लिंक, की अमुक तासांत डिपॉझिट भरून जागा पक्की करा, नाहीतर ती पुढच्या मुलीला जाईल. डिपॉझिट परत मिळत नाही हे बारीक अक्षरात. चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस. ही घाई मुद्दाम असते, कारण पलीकडच्या क्लबचं ट्रायआउट परवा असतं. घाबरू नका. त्या ईमेलमध्ये टीमचं नाव नीट वाचा, नुसता क्लबचा लोगो आणि "यू-१३ प्रोग्रॅम" लिहिलं असेल तर परत लिहून विचारा की नेमकी कुठली टीम, कुठली लीग, कोच कोण, आणि दोन दिवस जास्त मागा. सभ्य भाषेत मागितलं तर मिळतात. नाही दिले तरी क्लब कसा आहे ते समजलं.

मग पैसे. क्लब फी ही अर्धीच गोष्ट असते. युनिफॉर्म वेगळा, टूर्नामेंट फी कधी आत कधी बाहेर, कोचच्या प्रवासाचा खर्च टीममध्ये वाटला जातो, आणि ईसीएनएल-जीएमध्ये शोकेस, म्हणजे कॉलेजचे कोच बघायला येतात त्या मोठ्या स्पर्धा, असतात त्यासाठी विमानाची तिकिटं आणि टीमने ठरवलेल्या हॉटेलातच राहायचं असा नियम. वर्षाच्या सगळ्या खर्चाचा अंदाज लिहून मागा, आणि त्याच टीममधल्या दोन पालकांना फोन करा, ते क्लबपेक्षा खरं सांगतात. बऱ्याच क्लबांत फायनान्शियल एड असते, मागायला लाजू नका, फॉर्म असतो तो भरायचा.

अंतराचा हिशोब पण करून ठेवा. आठवड्यात तीन प्रॅक्टिस, एकेक बाजू पन्नास मिनिटं, म्हणजे मुलगी होमवर्क कारमध्ये करणार आणि जेवण पण कारमध्ये. रविवारी मॅच म्हणजे मराठी शाळा बुडणार, फॉल सीझनमध्ये गणपती आणि दिवाळी दोन्ही येतात. आम्ही घरात बसून ठरवलं की गणपतीच्या पहिल्या दिवशी आणि लक्ष्मीपूजनाला मॅच असली तरी जायचं नाही, आणि हे कोचला ऑगस्टमध्येच लिहून कळवतो. एकाही कोचने त्यावरून मुलीला बसवलेलं नाही. आधी सांगितलं की लोक समजून घेतात, आदल्या रात्री सांगितलं की चिडतात.

गुडघे

हे वयोगटाच्या लेखात कशाला असं वाटेल, पण मुलीच्या टीमबद्दल विचारायचा हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. वयात आल्यापासून मुलींना एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, फाटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो फाटला की ऑपरेशन आणि जवळपास वर्ष गेलं. फिफा इलेव्हन प्लस नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे, धावणं, उड्या, एका पायावर तोल, जमिनीवर उतरताना गुडघा आत न वळू देणं, आणि तो नेमाने केल्याने दुखापती कमी होतात हे अभ्यासांत सिद्ध झालंय. कोचला विचारा टीम हे करते का. यू-१२ च्या पुढच्या मुलींना शिकवणारा कोच एसीएलबद्दल काही सांगू शकत नसेल तर मी तिथे मुलगी पाठवणार नाही, लीग कुठलीही असो. आणि ईसीएनएल, हायस्कूल आणि वर गेस्ट म्हणून दुसऱ्या टीमबरोबर टूर्नामेंट असं एकाच महिन्यात करू देऊ नका. नाही म्हणायचं काम आईबापाचं आहे, ती स्वतः कधीच नाही म्हणणार नाही.

लीगचं नाव कधी महत्त्वाचं होतं

नववीपासून, आणि तेही कॉलेजमध्ये खेळायचं असेल तर. एनसीएए, म्हणजे कॉलेजमधले खेळ चालवणारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनचे, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या कॉलेजांचे, कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलीशी थेट बोलू शकतात, आणि अकरावी सुरू होताना १ ऑगस्टपासून ऑफिशियल व्हिजिट. त्याआधी ते बोलत नसले तरी बघत असतात. शोकेसला गेलात की कळेल, दोन मैदानांच्या मधल्या पट्ट्यात घडीच्या खुर्च्या टाकून कॉलेजचं नाव लिहिलेल्या जॅकेटमधले कोच बसलेले असतात, मांडीवर रॉस्टरची यादी, अर्धा हाफ इकडची मॅच, मग खुर्ची फिरवून तिकडची. एका जागी त्यांना पन्नास टीम बघायला मिळतात म्हणून ते ईसीएनएल आणि जीएला येतात, लीगचा खरा फायदा हा एवढाच आहे, आणि तो लहान नाही. म्हणून मुलगी आठवी-नववीत असेल, तिला स्वतःला कॉलेजमध्ये खेळायची इच्छा असेल आणि ती वरच्या टीममध्ये खरोखर मैदानावर उतरणार असेल तर लांबचा प्रवास जरूर करा. दोन्हीतली कुठली हा वाद घालण्यात वेळ घालवू नका, तुमच्या भागात ज्या क्लबची त्या वयाची टीम चांगली आणि ज्या कोचचे कॉलेजांशी संबंध आहेत तो घ्या.

इयत्ता आणि टीम जुळत नसलेल्या मुलींनी इथे सावध राहायचं. मुलगी दहावीत आणि टीममधल्या बाकीच्या नववीत असतील तर शोकेसला कोच त्या टीमकडे पुढच्या वर्षाच्या मुली म्हणून बघतो. तेव्हा कॉलेज कोचला स्वतः ईमेल करायचा, मुलीने, तुम्ही नाही, त्यात ग्रॅज्युएशनचं वर्ष सगळ्यात वर, मग पोझिशन, जर्सी नंबर, कुठल्या मैदानावर किती वाजता मॅच, जीपीए, आणि दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ.

आपल्या लोकांना अभ्यासाचं जास्त पडलेलं असतं, ते बरोबरच आहे. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्री कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत, पण कोचला मुलगी हवी असेल तर अ‍ॅडमिशनमध्ये त्याचा उपयोग होतो, आणि त्यासाठी मार्क आणि खेळ दोन्ही लागतात. उलट डिव्हिजन वनच्या ज्या शाळांनी २०२५ च्या कोर्टाच्या सेटलमेंटमध्ये (कॉलेजांनी खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या) भाग घेतला त्यांना सॉकरच्या रॉस्टरवर २८ ची मर्यादा आली आहे, म्हणजे तिथे जागा आणखी आवळल्या. फक्त स्कॉलरशिप मिळेल म्हणून लाखभर डॉलर क्लबमध्ये ओतायचे हा हिशोब कधीच बसत नाही, तेच पैसे ५२९ मध्ये, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, टाकलेले बरे. मुलीला खेळायला आवडतं म्हणून खर्च करत असाल तर तो खर्च योग्य आहे.

कॉलेजच्या आयडी कॅम्पचं (कोच खेळाडू पारखतात तो कॅम्प) "तुमची निवड झाली आहे" असं पत्र आलं तर हुरळून जाऊ नका, ते ईमेल यादीवरच्या शेकडो मुलींना जातं. कोचने मुलीच्या एखाद्या मॅचचा उल्लेख केला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक काम शेवटचं

दोन-तीन क्लबांकडून ऑफर आल्या आणि तुम्ही एक घेतली की बाकीच्यांना त्याच संध्याकाळी नकार कळवा, दोन ओळी, आभार आणि आम्ही दुसरीकडे जातोय. मुलीलाच लिहायला सांगा, बारा वर्षांच्या मुलीला हे जमतं. तिची जागा मोकळी झाली की वेटलिस्टवरच्या मुलीला फोन जातो, ती पण घरी फोनकडे बघत बसलेली असते. आणि हे कोच याच भागात वर्षानुवर्षं राहतात, दोन वर्षांनी याच क्लबचं दार पुन्हा वाजवायची वेळ येऊ शकते.